चमचाभर डोंगर

भट्टीवाल्यांचा उबेवर गाढ विश्वास होता. जगात जे काही फुगतं, वाढतं आणि वर येतं ते उबेनेच, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. बाकी बहुतेक गोष्टींबद्दल त्यांना शंकाच असे, म्हणून ही एक गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. सर्दी झाली, ऊब घ्या. गुडघा धरला, ऊब घ्या. मुलगी लहानपणी रुसून बसली की ते तिला उचलून भट्टीजवळच्या स्टुलावर ठेवत, आणि घटकाभरात तिचा रुसवा लोण्यासारखा वितळे.

बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून एक उंच लाकडी कपाट उभं होतं. मळलेल्या पिठाचे गोळे फुगायला त्यात ठेवत. घरात त्याला ऊबकपाट म्हणत. आत हात घातला की कोणीतरी आपला हात हातात घेतल्यासारखं वाटे. त्यामुळे बायकोची बी रुजवायची वेळ आली, तेव्हा भट्टीवाल्यांनी मातीचा ट्रे नेऊन कुठे ठेवला असेल, हे सांगायला नको.

हिवाळा तोंडावर आला होता. त्या दुपारी भट्टी निवल्यावर त्यांनी तो ट्रे बाहेर काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाकून बघितलं. माती मऊ होती, ओली होती, छान कोमट होती. एवढंच. बोटाने एक कोपरा उकरला. बी जशीच्या तशी. काळी, बारीक, ढिम्म.

मागचं दार उघडून ते परसात गेले, भिंतीच्या कडेला पन्हाळीच्या पाइपाखाली ट्रे उलटा केला आणि त्याच्या तळावर थाप मारली. आधीच्या खेपांची मातीही तिथेच ढीग होऊन पडली होती.

"आली का हो?" दुकानातून बायकोने विचारलं.

"येतील."

"ट्रेवर थाप मारलेली ऐकली मी."

"तो... पिठाचा ट्रे होता."

"परसात?"

भट्टीवाले ट्रे धुवायला लागले. बायको "बरं" म्हणाली. तिची हीच गोष्ट त्यांना जड जाई. ती भांडली असती तर त्यांनाही चार शब्द बोलता आले असते. ती नुसती "बरं" म्हणायची, आणि मग ते "बरं" त्यांच्या पोटात दिवसभर न शिजलेल्या पिठासारखं पडून राहायचं.

आता ही बी कसली, ते सांगायला हवं.

भट्टीवाल्यांच्या सासऱ्यांचं आयुष्य डोंगरातल्या रानाच्या चौकीवर राखणदारी करण्यात गेलं. चौकीच्या मागे एक उतार होता, आणि त्या उतारावर एक रानफूल यायचं. अंगठ्याच्या नखाएवढं, निळं, खाली मान घातलेल्या घंटेसारखं, गळ्याशी पांढरे ठिपके. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. राखणदार त्याला 'घंटुली' म्हणत, म्हणून घरात सगळेच म्हणत. लग्नाच्या नव्या नवलाईत बायकोने त्या उताराचं इतकं वर्णन केलं होतं की भट्टीवाल्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं होतं, "नेतो तुला एकदा."

आणि मग बेकरी. गावाला पाव रोज लागतो. पाव खाऊन कंटाळलो, उद्या नको, असं कोणी म्हणत नाही. या वर्षी भट्टीची डागडुजी, त्या वर्षी वडिलांचं आजारपण, पुढे मुलीची शाळा. जेव्हा एकदाची बेकरी बंद ठेवून दोघं गेली, तेव्हा खालच्या बाजूला धरण झालं होतं आणि पाणी चौकीच्या पायरीला लागलं होतं. निम्मा उतार आधीच बुडाला होता. बायकोने चपला हातात घेतल्या, उरलेल्या उतारावर चढली, वाळलेली बोंडं खुडून रुमालात घेतली आणि घरी आल्यावर एका पत्र्याच्या डब्यात झटकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत उरलेला उतारही पाण्याखाली गेल्याचं कानावर आलं.

"बरं," बायको म्हणाली होती.

डबा भरून बी होती. पण तिच्यावर दोन संकटं आली. दुसरं संकट म्हणजे खुद्द भट्टीवाले, ते आपण पाहिलंच. पहिलं संकट होतं त्यांचा जावई.

जावई कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. सफरचंदांच्या खोल्या त्याच्या ताब्यात असत. माणूस उंच, हळू बोलणारा, आणि हात बारा महिने गार. मुलीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं, त्याने नमस्कार करून हात पुढे केला, आणि तो हातात घेताच भट्टीवाल्यांच्या मनात आलं, हिने बर्फाची लादी पसंत केली की काय! तरी त्यांनी मन मोठं केलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला आल्यावर जावयाला वाटलं, आपणही कामाला हात लावावा. पहाटे उठून तो सासऱ्यांच्या शेजारी उभा राहिला. पावांवर खसखस पेरायची होती. त्याने फळीवरचा डबा काढला आणि अगदी निगुतीने, एकही पाव न चुकवता, पेरली.

घंटुलीची बी दिसायला हुबेहूब खसखशीसारखी. फक्त काळी.

घोटाळा ध्यानात आला तेव्हा पाव खपले होते. एक बाई तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन म्हणाल्या, "कालचा पाव फार छान होता हो, काय लावलं होतं?"

तेव्हापासून भट्टीवाले जावयाशी अतिशय आदराने बोलत. इतक्या आदराने, की मुलीच्या नाकाला मिरच्या झोंबत.

ट्रे रिकामा केला त्याच आठवड्यात मुलगी आणि जावई जेवायला आले. चौघं टेबलाभोवती बसली. भट्टीवाल्यांनी पावाची टोपली पुढे सरकवली.

"घ्या, जावईबापू. साधाच आहे. वर काही लावलेलं नाही. बिनधास्त घ्या."

जावयाचे कान लाल झाले.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "किती दिवस तेच तेच?"

"मी कुठे काय म्हणालो? ज्यांनी अर्धा डोंगर पचवला त्यांनाही मी काही म्हणत नाही."

"अहो," बायको सूप वाढता वाढता म्हणाली, "अर्धा त्यांनी भाजला, उरलेला तुम्ही उबवून घालवलात. फिट्टंफाट. जेवा आता."

मुलीने चमचा खाली ठेवला. "म्हणजे? या खेपेलाही नाही आली?"

बायको सूप वाढत राहिली. मुलगी उठली, फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडलं. तळाशी चमचाभर बी उरली होती. डबा तिरका केला की सरकत एका कोपऱ्यात जाऊन बसे, इतकीच.

"आई, हे मी घेऊन जाते. इथे राहिलं तर बाबा पुन्हा कपाटात ठेवतील."

"तुझ्याकडे म्हणजे यांच्याकडेच ना!" भट्टीवाले ताडकन म्हणाले.

जावई पहिल्यांदाच बोलला. "थंडीत बी टिकते, बाबा. पुढे कोणी जाणकार भेटेपर्यंत निदान खराब तरी..."

"टिकते! टिकायला काय, दगडही टिकतो. तुमच्या त्या खोल्यांत सगळं टिकतंच. मला उगवायला हवी आहे."

बायकोने हात पुसले. डबा मुलीच्या हातातून घेतला आणि थोडा वेळ नुसती आत बघत राहिली. मग कपाटातून धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा आणला, बी त्यावर ओतली आणि पुरचुंडी बांधली.

"डबा नको," ती म्हणाली. "डब्यानेच घोटाळा झाला." आणि पुरचुंडी तिने मुलीच्या नव्हे, जावयाच्या हातावर ठेवली. "तुमच्या हवाली."

जावयाने ती दोन्ही हातांनी घेतली. भट्टीवाल्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि तो मोडतच राहिले. ताटात नुसता चुरा झाला.

हिवाळा आला आणि त्या वर्षी जरा मुक्कामालाच आला. रस्त्याच्या कडेला घाणेरड्या बर्फाचे ढीग साचले. बेकरीची काच आतून घामेजलेली राही आणि पावाला आलेली माणसं पाव घेऊनही भट्टीच्या बाजूला रेंगाळत. मागच्या परसात कोणी पाऊल टाकत नव्हतं. पन्हाळीचं पाणी पाइपातून भिंतीच्या कडेला ठिबके, गोठे, पुन्हा वितळे.

भट्टीवाले अधूनमधून मुलीला फोन करत. इकडचं तिकडचं झालं की सहज आठवल्यासारखं विचारत, "ते... ठीक आहे ना?"

मुलगी फोन जावयाकडे देई.

"टांगलेली आहे, बाबा," जावई म्हणे. "वर चिठ्ठीही लावली आहे. खाऊ नये म्हणून."

भट्टीवाल्यांना हसू येई, पण ते फोनवर ऐकू जाऊ नये याची ते काळजी घेत.

थंडी सरायला आली तेव्हा एका सकाळी मुलीचाच फोन आला.

"बाबा, बसलायत का?"

"उभा आहे. पाव काढतोय. का?"

"बसा आधी."

भट्टीवाले बसले नाहीत, पण हातातला पाव त्यांनी खाली ठेवला.

"सफरचंदांची खोली रिकामी केली आज यांनी," मुलगी म्हणाली. "ती पुरचुंडी काढली खाली. बाबा, ती ओली आहे. चांगली भिजलेली. वरच्या पंख्यातून पाणी ठिबकत होतं म्हणे. बरेच दिवस असणार. यांनी सकाळपासून तोंडात घास घातलेला नाही. तुम्ही रागावू नका."

"मी कशाला रागावू?" भट्टीवाले म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी अंगात कोट चढवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बसमध्ये त्यांनी सगळं भाषण तयार केलं. एकदा माणसाच्या हातून चूक होते, हे ते समजू शकत होते. तोच माणूस, तीच बी, पुन्हा! सुरुवात शांतपणे करायची. मग खसखशीवर यायचं. मग चौकी, उतार, पाणी, सगळं बोलायचं. "तुमच्या हवाली" हे शब्द शेवटी आणायचे. खिडकीच्या काचेत त्यांचे ओठ हलताना पाहून समोरच्या मुलाने आईला कोपराने ढोसलं.

कोल्ड स्टोरेज गावाबाहेर होतं. जावयाच्या नोकरीच्या जागी ते पहिल्यांदाच येत होते. जाड दार सरकवून जावयाने त्यांना आत नेलं. रिकाम्या खोलीत सफरचंदांचा वास मात्र भरून राहिला होता, गोड, ओलसर, बाटलीत कोंडल्यासारखा. भिंतींवर पाण्याचा पातळ थर चकाकत होता. भट्टीवाल्यांना वाटायचं, अशा ठिकाणी सगळं कोरडं ठणठणीत असेल. इथे तर हवाच ओली होती.

"सफरचंदं सुरकुततात ना, बाबा, कोरड्यात. म्हणून हवा अशी ठेवतो," जावई म्हणाला. मग वर बोट केलं. उंचावर पंख्याची जाळी होती, शेजारी एक आकडा. "तिथे टांगली होती. कोणाचा हात लागू नये म्हणून. जाळीवर बर्फ धरतो, तो वितळला की थेंब पडतात. ते नेमके त्याच आकड्यावर... मी रोज खालून बघायचो. आहे जागेवर, एवढंच बघायचो. काढून हातात घ्यायची भीती वाटायची."

"भीती? कसली?"

"पुन्हा माझ्या हातून काहीतरी होईल म्हणून."

भट्टीवाल्यांनी भाषणाला तोंड उघडलं. पण थंडीने त्यांचे दात असे काही वाजायला लागले की पहिला शब्दच बाहेर पडेना. "ए... ए... एक..." एवढंच निघालं. उभा जन्म भट्टीजवळ काढलेला माणूस तो, त्याला ही सवय कुठली! जावयाने आपला जाड कोट काढला आणि त्यांच्या कोटावर चढवला. दुसऱ्याच्या कोटात उभं राहून त्याच्याच अंगावर ओरडणं भट्टीवाल्यांना जमलं नसतं. त्यांनी पुरचुंडी घेतली, आतल्या खिशात छातीशी धरली आणि मान खाली घालून बाहेर पडले. जावई दारात नुसत्या स्वेटरवर उभा होता. बस वळेपर्यंत उभा होता.

घरी आल्यावर ते सरळ मागच्या खोलीत गेले. डोक्यात एकच विचार होता. वाळवायची. पटकन वाळवली तर काहीतरी हाती लागेल. त्यांनी ऊबकपाटाचं दार उघडं टाकलं, एक पांढरी बशी घेतली आणि खिडकीशी उभं राहून पुरचुंडी सोडली. ओलं कापड उलगडलं. बी कापडाला चिकटून बसली होती. बोटाने सारून त्यांनी ती बशीत घेतली.

आणि त्यांचा धीर सुटला. काळ्या बियांवर पांढरं काहीतरी आलं होतं.

पावावर पांढरं दिसलं की बेकरीवाल्याला एकच गोष्ट ठाऊक असते. बुरशी. बुरशी आलेला पाव घरात ठेवायचा नाही, शेजारच्या पावाचा विचारही करायचा नाही, सरळ आगीत. वडिलांनी मारून मुटकून शिकवलेलं ते अंगात इतकं मुरलं होतं की त्यांचे पाय आपोआप भट्टीकडे वळले. भट्टीत निखारे होते. त्यांनी एका हाताने झाकण उचललं.

"काय करताय?"

बायको दारात उभी होती.

"संपलं," भट्टीवाले म्हणाले. "बुरशी आली. सगळ्याला. मी... अगं, मला तुला तिकडे आधी न्यायला हवं होतं."

बायकोने बशी त्यांच्या हातातून घेतली. भट्टीचं झाकण त्यांनी अजून धरून ठेवलं होतं, ते तिने खाली करायला लावलं. मग बशी खिडकीशी नेली.

"तुमचा चष्मा द्या."

तिने त्यांचा चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. भट्टीवाल्यांना चष्म्याशिवाय ती नुसती धूसर दिसत होती.

"बुरशी पसरते हो," ती म्हणाली. "पांघरूण घातल्यासारखी. हे तसं नाही. हे एकेका बीला एकेकच आहे. आणि एकाच टोकाशी."

"मग?"

"मूळ आहे हे."

भट्टीवाले पिठाच्या पोत्यावर बसले.

"थंडीत?" ते म्हणाले. "तिथे उभं राहवत नाही गं माणसाला. बोलता येत नाही."

बायकोने चष्मा काढला नाही. "आमच्याकडे घंटुली उन्हाळ्यात नाही यायची," ती हळूहळू म्हणाली. "बर्फ वितळायला लागला की त्याच्या कडेकडेने यायची. बर्फ मागे सरकायचा, ही पुढे. बाबा म्हणायचे, यंदा बर्फ कमी पडला, यंदा घंटुली कमी. मला आपलं वाटायचं, पाण्यामुळे असेल. मीही कधी विचार केला नाही."

तेवढ्यात भट्टीवाल्यांना एक अगदी ओळखीचा, बारीक आवाज ऐकू आला. पुक. मग थोड्या वेळाने पुन्हा, पुक.

मागच्या दाराशी, जिथून गार वारा आत येई त्या कोपऱ्यात, उद्याच्या जाड सालीच्या पावाचं पीठ घमेल्यात झाकून ठेवलं होतं. हे पीठ ऊबकपाटात कधीच जात नसे. ते मळून गारठ्यात ठेवायचं आणि विसरून जायचं. त्या पावासाठी लोक लांबून येत. भट्टीवाल्यांचे वडील म्हणत, "याच्याकडे बघायचं नाही. कोणी बघत नाही असं वाटलं की ते काम करतं." भट्टीवाले उठले, वाकले आणि फडकं बाजूला केलं. पिठावर एक बुडबुडा संथपणे वर आला, ताणला गेला आणि फुटला.

आयुष्यभर ते हेच करत आले होते. गारठ्यातलं पीठ झोपलेलं नसतं, ते आतल्या आत सैल होत असतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. डोक्यापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं. डोक्यात सगळी जागा ऊबकपाटाने अडवली होती.

"अगं, मी मूर्ख आहे," ते म्हणाले.

"ते जुनं झालं. नवीन काय ते सांगा."

"तिला थंडीच हवी होती. थंडी आणि ओल. आत काहीतरी कुलूप असेल, ते तसं सैल होत असेल. मी आपला उबेने दार ठोठावत बसलो. तिला वाटलं असेल, हा उन्हाळा आहे, आत्ता बाहेर पडण्यात अर्थ नाही."

बायको हसली. तिचं हे हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

तिने ट्रेमध्ये माती घेतली आणि बी वरच्यावर ठेवली. खोल पुरायची नाही, उतारावर कोण पुरायला येत होतं, असं तिचं म्हणणं. भट्टीवाल्यांनी ट्रे उचलला. उचलला आणि सवयीने ऊबकपाटाकडे वळले. दार उघडंच होतं, आतून ओळखीची ऊब चेहऱ्यावर येत होती. क्षणभर ते तिथेच थांबले. शेवटचा चमचा होता. चुकलं तर पुढे काही नव्हतं. मग त्यांनी खांद्याने कपाटाचं दार लोटलं, मागचं दार उघडलं आणि ट्रे बाहेरच्या पायरीवर, उघड्यावर ठेवला. असं करताना त्यांना एखादं तान्हं मूल उघड्यावर ठेवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. जावयाने उचलला.

"तुमचा कोट माझ्याकडे राहिलाय," भट्टीवाले म्हणाले.

"राहू दे, बाबा."

"राहू दे काय? थंडी आहे अजून. न्यायला या. दोघंही या." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि एक विचारायचं होतं. तो जो थेंब पडायचा, तो साधारण किती वेळाने पडायचा?"

"का, बाबा?"

"काही नाही. ट्रेवर पाणी किती शिंपडावं, याचा अंदाज घेतोय. तुमच्या थेंबाने मोड आलेत तिला."

फोन मुलीने घेतला आणि घाबरून विचारलं, "बाबा, काय बोललात तुम्ही? हे इथे डोळे पुसतायत."

पुढचे दिवस भट्टीवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता. पहाटे भट्टी पेटवण्याआधी ते मागचं दार उघडून बघत. एका सकाळी मातीवर दवाचा पांढरा बर्फ धरलेला दिसला. त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि ट्रेवर पसरणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो. पांघरूण नका घालू तिला."

"नाही, मी फक्त..."

"मफलर गळ्यात घाला."

त्यांनी मफलर गळ्यात घातला. त्यांना फार अवघड गेलं.

मग एक दिवस माती हिरवी दिसली. दोन दोन पानांची, टाचणीच्या डोक्याएवढी रोपं. भट्टीवाल्यांना आनंद झाला, पण लगेच शंकेने ग्रासलं. कशावरून घंटुली? वाऱ्याने आलेलं कुठलंही गवत असेल. मातीतलंच काही असेल. त्यांनी बायकोला हाक मारली नाही. ती उगाच आशेने यायची आणि "बरं" म्हणायची, ते त्यांना नको होतं. तिला दिसलं होतंच. पण तीही वाट बघत राहिली. मधली पानं फुटली, त्या सकाळी ती पायरीवर बसली, एका रोपाचं पान बोटाच्या टोकावर घेतलं आणि त्यांना जवळ बोलावलं.

"कड बघा पानाची."

हिरव्या पानाला सुईने ओढल्यासारखी जांभळी रेघ होती.

"तीच आहे," ती म्हणाली. या खेपेला ती "बरं" म्हणाली नाही. ती तिथेच बसून राहिली, दुकानात गिऱ्हाईक येऊन काउंटरवर टकटक करायला लागलं तरी बसून राहिली. शेवटी भट्टीवालेच पुढे गेले.

मुलगी आणि जावई कोट न्यायला आले तेव्हा हवा उबदार झाली होती आणि कोटाची गरज उरली नव्हती. टेबलावर खसखशीचे पाव होते. भट्टीवाल्यांनी टोपली जावयापुढे धरली.

"तपासून घ्या. खसखसच आहे."

जावई हसला. या खेपेला त्याचे कान लाल झाले नाहीत.

जेवणानंतर भट्टीवाल्यांना हुरूप आला. रोपं मोठी झाली की त्यांना भिंतीच्या कडेला वाफा करायचा होता. त्यांनी फावडं घेतलं आणि पन्हाळीच्या पाइपाखालचा जुन्या मातीचा ढीग काढायला सुरुवात केली. सगळे पायरीवर उभे राहून बघत होते.

"बाबा, थांबा!" जावई ओरडला. हळू बोलणाऱ्या माणसाचा असा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. भट्टीवाल्यांचं फावडं हवेत राहिलं.

जावई ढिगापाशी उकिडवा बसला. पाइपातून अजून एखादा थेंब पडत होता. त्याने आपल्या गार बोटाने एक वाळकं पान बाजूला केलं. खाली हिरवं होतं. दुसरं पान उचललं. तिथेही. भिंतीच्या कडेने, जिथवर भट्टीवाल्यांनी ट्रे उपडे केले होते तिथवर, जांभळ्या कडेची पानं दाटीवाटीने वर आली होती.

"ही तर मी फेकलेली माती," भट्टीवाले म्हणाले. "ही उबवलेली बी. ही तर मेली होती."

"मेली नव्हती," बायको म्हणाली. "वाट बघत होती, तुम्ही कधी एकदा कपाटातून बाहेर काढताय त्याची."

ती हळूच खाली बसली आणि दोन्ही तळहात त्या पानांवर फिरवले, वरच्यावर, जेमतेम टेकतील असे. भट्टीवाल्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते पानांच्या फार जवळ आहे, म्हणून ते उचलून आत ऊबकपाटामागे ठेवून आले.

परत आले तेव्हा मुलगी विचारत होती, "फुलं कधी येतील गं, आई?"

"यंदा नाही. आणखी एक थंडी काढावी लागेल तिला."

"काढू दे की," भट्टीवाले म्हणाले, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच पुढच्या हिवाळ्याचा विचार त्यांनी आवडीने केला. "चांगली कडाक्याची पडू दे."

"मला एक वेगळीच काळजी लागलीय," बायको म्हणाली.

"कसली?"

"जावयांनी पावावर पेरलेली बी ज्या बाईंनी आवडीने खाल्ली, त्या परवा सांगत होत्या, यंदा त्यांना थंडी फार बाधली. पोटात मोड तर आले नसतील ना?"

पहिल्यांदा जावई हसला. मग मुलगी. भट्टीवाल्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण मग ते इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं, आणि जावयाने पुढे केलेला गार हात धरून उठावं लागलं.